जवळजवळ कोरडी विहीर

"म्हणजे किती?"

समोरच्यानं 'खूप', 'फार' किंवा 'लई' म्हटलं की बाई अंगठा आणि तर्जनी चिमटीसारखी धरायच्या, मध्ये थोडी फट ठेवायच्या आणि हे विचारायच्या. शाळेचा शिपाई म्हणायचा, "बाई, आज लई ऊन हाय." बाईंची चिमूट वर यायची. "म्हणजे किती? डोक्याला फडकं बांधण्याइतकं, की मुलांना घरी सोडण्याइतकं?" शिपाई घंटेकडे निघून जायचा.

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस आलं असेल. त्याच्याशी बोलताना आपण आपलंच वाक्य दोनदा तपासून मग तोंडाबाहेर काढतो. बाईंशी बोलताना माझं तसंच व्हायचं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. सुप्याच्या फाट्यावर एस.टी.तून उतरायचं आणि सायकलनं आत जायचं, असं ते गाव. मी राजूरकडचा, डोंगरातला. आमच्याकडे चार महिने पाऊस घरात शिरू नये म्हणून धडपड चालते. इथं आल्यावर पाहिलं, तर माणसं भाद्रपदातही आभाळाकडे तोंड करून उभी.

बाई इंग्रजी शिकवायच्या. नगरच्या ख्रिस्ती घरातल्या. वय पन्नाशीच्या पलीकडे, लग्न केलेलं नाही, अंगावर पांढरी किंवा फिकट रंगाची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. शाळेच्या मागं एका खोलीत एकट्या राहायच्या. रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं नगरला ख्रिस्ती देवळात जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. मुलांनी त्यांचं नाव 'फेअरली बाई' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

नाव पडलं ते त्यांच्या शिकवण्यामुळं. इंग्रजीत विशेषणाच्या आधी जे छोटे शब्द येतात, किती आहे ते सांगणारे, त्यांवर बाईंचा फार जीव. बाकी व्याकरण त्या झपाट्यानं उरकायच्या. या शब्दांपाशी आल्या की गाडी थांबायची.

"'फेअरली' आणि 'रादर'. दोन्हींचा अर्थ 'बऱ्यापैकी'. मग फरक कशात?" त्या विचारायच्या. "उन्हाळ्यात माठातलं पाणी प्यायलात. गार लागलं, बरं वाटलं. ते पाणी फेअरली कोल्ड. आता थंडीत पहाटे आईनं तेवढंच गार पाणी अंगावर ओतलं. ते रादर कोल्ड. पाणी तेच. तुम्हाला हवं होतं की नको होतं, एवढाच फरक."

'क्वाइट'ला मुलं भ्यायची, कारण तो शब्द रंग बदलायचा. 'क्वाइट गुड' म्हणजे ठीक, बरं. पण 'क्वाइट डेड' म्हणजे पुरता मेलेला. "चांगलं कमी-जास्त असतं," बाई म्हणायच्या. "मेलेला माणूस कमी-जास्त मेलेला नसतो. म्हणून मेलेला, रिकामा, कोरडा, असल्या शब्दांआधी 'क्वाइट' आला की त्याचा अर्थ पुरता, पार."

आणि 'व्हेरी' व 'टू'. हा धडा चालू असताना मी एकदा खडू मागायला त्यांच्या वर्गात गेलो होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उत्तर देत होती, "बाई, 'व्हेरी' म्हंजी लई. आन् 'टू' म्हंजी लईच्या म्होरं."

"म्हणजे किती?"

मुलीनं जरा विचार केला. "काम बिगडंल इतकं."

बाईंनी फळ्याकडे वळून ते जसंच्या तसं लिहिलं. काम बिगडंल इतकं. मग मला म्हणाल्या, "खडू घ्या सर, हवे तेवढे घ्या. आज वर्ग फेअरली हुशार आहे."

त्यांचं हे वेड शिक्षकांच्या खोलीतही चालायचं. शाळातपासणीच्या आधी हेडमास्तरांनी त्यांच्याकडून शाळेची माहिती इंग्रजीत लिहून घेतली. बाईंनी लिहिलं, शाळेची स्थिती 'फेअरली गुड'.

"बाई, ते 'फेअरली' काढा," हेडमास्तर म्हणाले. "'व्हेरी' घाला."

"आपल्या किती वर्गांवर पत्रा आहे, सर?"

हेडमास्तरांनी वर पाहिलं. आम्ही बसलो होतो त्या खोलीच्या पत्र्यातून दोन-तीन ठिकाणी उजेड येत होता. शेवटी तडजोड झाली. 'फेअरली' गेलं, 'व्हेरी' आलं नाही, नुसतं 'गुड' राहिलं. त्यावर दोघांचंही समाधान झालं नाही.

हे खूळ कुठून आलं, असं मी त्यांना एकदा विचारलं, तेव्हा त्या चक्क हसल्या. लहानपणी त्या नगरला मुलींच्या बोर्डिंगात होत्या. एका सणाला आमटीवर तूप पडलं. तिथल्या गोऱ्या मडमेनं विचारलं, जेवण कसं आहे? या पटकन उठून म्हणाल्या, 'टू गुड'. त्यांना म्हणायचं होतं, फार छान. मडमेला ऐकू आलं, जरुरीपेक्षा जास्तच चांगलं. "दुसऱ्या दिवसापासून तूप बंद," बाई म्हणाल्या. "सगळ्या मुली माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी बोलण्याआधी शब्द वजन करून पाहते."

ही गोष्ट मला तेव्हा गमतीची वाटली.

दुसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही. आधी खरीप गेलं, मग रब्बीची आशा गेली. गुरं बाजारात जाऊ लागली. सरकारनं रस्त्याची कामं काढली आणि गावातली निम्मी माणसं खडी फोडायला जाऊ लागली. वर्गातली मुलं कमी होत गेली. जी येत, त्यांच्या डब्यात मिलोची भाकरी असे. रेशनवर मिळणाऱ्या त्या परदेशी लाल धान्याची भाकरी गार झाली की चामड्यासारखी व्हायची.

गावाला प्यायच्या पाण्याची एकच विहीर उरली होती, ओढ्याच्या काठावर. अर्ध्यापर्यंत दगडी पायऱ्या, त्यांच्या खाली उभा कातळ आणि कातळात पाय ठेवण्यापुरत्या खोबणी. रात्रभरात तळाशी जे पाझरेल ते पहाटे बायका वाटीनं कळशीत भरायच्या. एक खाली उतरायची, दुसरी वरून दोर ओढायची.

बाईंना पाणी आणून द्यायची पारू. शाळेजवळच तिचं घर. तिशीतली, उंच, खणखणीत आवाजाची बाई. नवरा रस्त्याच्या कामावर. स्वतःची कळशी भरली की ती पुन्हा उतरायची आणि बाईंची भरायची. बाई तिच्या पोरीला रोज संध्याकाळी शिकवायच्या. दोघींचा हिशेब असा न बोलता ठरला होता.

उन्हाळा लागता लागता गावात एक जीप आली. परदेशातली एक मदतसंस्था जमिनीत खोल भोक पाडून पाणी काढणारं यंत्र घेऊन नगर जिल्ह्यात उतरली होती. यंत्र एक, मागणारी गावं पुष्कळ. म्हणून कुठल्या गावाला आधी द्यायचं ते बघत त्यांची माणसं फिरत होती. त्या दिवशी त्यांचा दुभाषा आला नव्हता. सरपंचांनी शाळेत माणूस धाडून बाईंना बोलावून घेतलं. हेडमास्तरांनी मला सोबत पाठवलं.

विहिरीवर पोचायच्या आधी सरपंचांनी बाईंना बाजूला घेतलं. मोठा धोरणी माणूस, आणि मनानं वाईट नव्हे.

"बाई, येवढंच करा. हीर पार कोरडी हाय म्हना. पार."

"तळाला पाणी आहे, सरपंच."

"हाय, पर किती? चिमनीची चोच बुडंल इतकं."

"तेवढं मी सांगते."

"तेवढं नका सांगू. त्येच तर म्हनतोय मी."

बाई पुढं चालू लागल्या. विहिरीच्या काठावर एक उंच गोरा माणूस वाकून आत बघत होता. उन्हानं त्याची मान लाल झाली होती. त्यानं बाईंना नमस्कार केला आणि इंग्रजीत विचारलं, विहीर 'क्वाइट ड्राय' आहे का? म्हणजे पार कोरडी आहे का?

बाईंनी आत पाहिलं. मीही पाहिलं. खूप खाली, कातळाच्या कपारीत परातीएवढं काहीतरी चकाकत होतं.

"नॉट क्वाइट," बाई म्हणाल्या. "निअरली."

पार नाही. जवळजवळ. त्या माणसानं मान हलवली, जवळच्या कागदावर टिपलं, मग किती घरं, किती माणसं ते विचारलं. बाईंनी सगळं नीट सांगितलं. जीप गेली. सरपंचांना इंग्रजी येत नव्हतं, पण 'नॉट' त्यांना कळलं होतं.

आठ-दहा दिवसांनी बातमी आली. यंत्र शेजारच्या गावाला गेलं. त्यांनी आपली विहीर पार कोरडी असल्याचं सांगितलं होतं. ती खरंच तशी होती की नव्हती, मला ठाऊक नाही. मी पाहिलेली नाही.

सरपंच शाळेत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"येका शब्दानं गावाचं पानी घालवलं तुमी."

"मी खोटं सांगितलं का?"

"न्हाई. खरंच सांगितलं. आता त्ये खरं हंड्यात भरून प्यावं म्हंता का आमी?"

बाईंची चिमूट वर आली नाही. हात मांडीवर पडून होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं दूध बंद झालं. किराणा दुकानदार त्यांच्या वेळी दुकानाचं दार ओढून घ्यायला लागला. वर्गात त्यांनी प्रश्न विचारला की मुलं एकमेकांकडे बघायची. पाणी मात्र येत राहिलं. पारूला बायकांनी टोकलंच असणार. तिनं कुणाचं ऐकलं नाही.

मग एका पहाटे पारू विहिरीत पडली. तिची स्वतःची कळशी भरून झाली होती. ती दुसऱ्यांदा उतरत होती. ओल्या खोबणीवरून पाय सटकला आणि ती खाली कातळावर आपटली. चार माणसांनी दोरानं वर काढली. उजवा पाय मांडीत मोडला होता. बाजेवर घालून तिला फाट्यापर्यंत नेलं आणि खडीच्या ट्रकमधून नगरच्या दवाखान्यात पाठवलं.

दुसरी खेप कुणासाठी होती, ते गावात कुणी बोलून दाखवलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बाईंनी माझं दार वाजवलं. "सर, जरा विहिरीपर्यंत येता का?"

आम्ही पोचलो तेव्हा बायकांची रांग लागलेली होती. बाईंना बघून सगळ्या आपोआप बाजूला सरल्या. बाईंनी चपला काढल्या, पदर कमरेला खोचला, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि पायऱ्या उतरायला लागल्या.

रांगेतली एक म्हातारी ओरडली, "आवं बाई, नगा उतरू! ह्ये काय तुमचं काम न्हवं!"

बाई अर्ध्यावर थांबल्या. पायऱ्या संपल्या होत्या. मग त्यांनी कातळाकडे तोंड केलं आणि पायानं खोबण चाचपली. मी काठावरून बघत होतो. मला त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं आणि खोबणीत रुतलेली बोटं. कितीतरी वेळ त्या एकाच जागी थांबायच्या, मग एक पाय खाली जायचा. तळाशी पोचल्यावर वाटी खरवडल्याचा आवाज यायला लागला. दगडावर धातू घासल्याचा तो आवाज त्या विहिरीत फार मोठा वाटत होता.

वर येताना शेवटच्या खोबणीपाशी त्या अडल्या. दोघी बायका पायऱ्या उतरून गेल्या आणि त्यांनी बाईंचे दंड धरून त्यांना ओढून घेतलं. दोराला बांधलेली कळशी मागाहून वर आली. एका बाजूनं चेपलेली, तळाशी थोडं गढूळ पाणी. ती बाईंचीच कळशी होती, पारूबरोबर पडलेली.

बाई काठावर बसल्या. तळहात सोलले होते. मी चष्मा पुढं केला, तो त्यांनी घेतला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

"नगरला जायला पहिली गाडी कधी आहे, सर?"

मी त्यांच्याबरोबर गेलो. त्या संस्थेनं शहराबाहेर एक बंगला घेतला होता. तो उंच माणूस व्हरांड्यात चहा घेत होता. त्यानं बाईंना ओळखलं, खुर्ची दिली. दोघं इंग्रजीत बोलले. मला कळलं तसं सांगतो.

बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला विहीर जवळजवळ कोरडी आहे असं सांगितलं. ते बरोबर आहे. आजही तेवढंच पाणी आहे. पण तुम्ही विहीर किती कोरडी ते विचारलंत आणि मी तेवढंच उत्तर दिलं. त्या पाण्यापर्यंत माणूस पोचतं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, आणि मला ते सुचलं नाही. मी काठावर उभी होते. आज मी उतरून आले. ती 'टू डीप' आहे."

"म्हणजे इतर गावांपेक्षा जास्त वाईट?" त्यानं विचारलं.

मला वाटलं, आता तरी बाई हो म्हणतील. तेवढ्यासाठीच तर आम्ही आलो होतो.

"ते मला सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "इतर गावांच्या विहिरीत मी उतरलेले नाही."

त्या माणसानं त्यांच्या हातांकडे पाहिलं. तळहातांना बांधलेल्या फडक्यातून रक्त आलं होतं. मग त्यानं आतून आयोडीनची बाटली आणून त्यांच्यापुढं ठेवली. बघू, एवढंच म्हणाला. वचन दिलं नाही. बाईंनीही मागितलं नाही.

तिथून आम्ही दवाखान्यात गेलो. पारूचा पाय वजन लावून टांगलेला होता. चेहरा सुकला होता, पण आवाज तोच. बाई तिच्या उशाशी बसल्या.

पारूच आधी म्हणाली, "बाई, तुमची कळशी तितंच ऱ्हायली खाली."

"मी काढली," बाई म्हणाल्या.

पारूनं मान वळवून त्यांच्या हातांकडे पाहिलं. "तुमी उतरलाव?"

"हो."

"येड्या का काय तुमी!" पारू म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाई पदरानं ते पुसत राहिल्या. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

महिन्याभरानं यंत्र आलं. ते बाईंच्या बोलण्यामुळं आलं की पाळी लागली म्हणून आलं, हे कुणीच सांगू शकलं नाही. पहिल्या भोकातून नुसती धूळ निघाली. गाव दिवसभर उन्हात उभं होतं, संध्याकाळी घरी गेलं. दोन दिवसांनी ओढ्याच्या पलीकडे दुसरं भोक घेतलं. त्यातून आधी चिखल उडाला आणि मग पाणी. म्हातारी माणसं लहान पोरांसारखी त्याच्याखाली जाऊन उभी राहिली.

हातपंप बसायला आणखी दोन महिने गेले. तो बसला त्या दिवशी सरपंच नारळ घेऊन बाईंच्या खोलीवर आले. दूध आदल्या दिवशीच सुरू झालं होतं. "बाई, तुमच्यामुळं पानी आलं. नारळ तुमीच फोडायचा."

"माझ्यामुळं पाय मोडला, सरपंच. पाणी यंत्रानं काढलं. पारूला बोलवा."

पारू काठी टेकत आली. पाय बरा झाला होता, पण आखूड पडला होता, तो कायमचाच. तिनं दांडग्या हातानं एका घावात नारळ फोडला. बाई गर्दीत मागं उभ्या होत्या.

त्यानंतरही त्या 'म्हणजे किती?' विचारायच्या. एक गोष्ट मात्र बदलली. उत्तर मिळालं की त्या बघायला जायच्या. एका मुलीचे दिवसामागून दिवस खाडे होत होते. घरी लई काम असतं, असं ती म्हणाली. बाई संध्याकाळी तिच्या वस्तीवर गेल्या, अंगणात बसल्या, तिला दोन भावंडं सांभाळत जात्यावर बसलेली पाहिली आणि परत आल्या. त्या मुलीला त्यांनी पुन्हा कधी खाड्याबद्दल विचारलं नाही. तिचा अभ्यास मधल्या सुट्टीत करून घ्यायला लागल्या. मी म्हटलं, एवढं चालत जायची काय गरज होती? तर म्हणाल्या, "इथं बसून मला कसं कळणार, सर?"

पुढं त्या निवृत्त झाल्या आणि नगरला बहिणीकडे राहायला निघाल्या. शाळेत निरोपाचा कार्यक्रम झाला, हार झाले, हेडमास्तर लांबलचक बोलले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांची ट्रंक सायकलवर बांधून फाट्यावर नेली. बाई बैलगाडीतून आल्या. त्यांच्याबरोबर पारूही आली होती.

दोघी लिंबाखाली ट्रंकेवर शेजारीशेजारी बसल्या. पारूनं फडक्यात बांधलेल्या शेंगा बाईंच्या पिशवीत कोंबल्या. बाईंनी तिच्या पोरीच्या परीक्षेची चौकशी केली. गाडी आली ती खच्चून भरलेली. कंडक्टर जागा नाही म्हणत होता. पारू काठी घेऊन दारात आडवी उभी राहिली आणि ओरडली, "आरं, बाईंना घेतल्याबिगर गाडी कशी हलती त्येच बगते मी!" गाडीतली माणसं हसली, कुणीतरी उठून जागा दिली, ट्रंक आत गेली.

बाई खिडकीपाशी बसल्या. त्यांनी हात बाहेर काढला आणि पारूनं तो दोन्ही हातांत धरला. गाडी हलली तरी तिनं सोडला नाही. लंगडत चार पावलं गाडीबरोबर गेली, मग हात सुटला.

धूळ बसल्यावर मी सायकल वळवली. "बैलगाडी थांबलीय, चल," मी पारूला म्हणालो.

"तुमी व्हा म्होरं, सर," ती म्हणाली. "मी येते सावकास."

वळणावर मी मागं पाहिलं. बैलगाडीवाला बिडी ओढत बसला होता, आणि पारू रस्त्याच्या मधोमध, काठीवर दोन्ही हात ठेवून, नगरच्या बाजूला तोंड करून उभी होती.